तीन कोटी कोटी कामगार

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळच्या कॉफीच्या थोडं आधी, होल्गर नोर्ग्रेनने कारखान्याचं काम बंद पाडलं. आरडाओरडा नाही, भांडण नाही. त्याने कपाटातून एक छापील फॉर्म काढला, टेबलाशी बसून निळ्या पेनाने भरला, सही केली आणि चार नंबरच्या टाकीच्या झडपेला सुतळीने बांधून टाकला.

फॉर्ममध्ये 'धोका कोणाला' असा रकाना होता. तिथे त्याने लिहिलं, यीस्टला.

'धोक्यातल्या कामगारांची संख्या' या रकान्यात लिहिलं, अंदाजे तीन कोटी कोटी.

'किती वर्षं सेवेत' इथे तो जरा थांबला. मग लिहिलं, बावीस, पिढ्यानपिढ्या.

होल्गर चौदा वर्षं कारखान्याचा सुरक्षा प्रतिनिधी होता. दुसरं कोणी उभंच राहत नसे, म्हणून तो निवडून येई. सुरक्षा प्रतिनिधीला कायद्याने एकच मोठा अधिकार दिलेला आहे. कामगाराच्या जिवाला धोका आहे असं त्याला वाटलं, तर तो काम थांबवू शकतो. मग सरकारी निरीक्षक येऊन बघेपर्यंत ते काम कोणालाही सुरू करता येत नाही. होल्गरने हा अधिकार आजवर एकदाच वापरला होता, फाटकावर बैलाच्या शिंगाएवढे बर्फाचे सुळके लोंबत होते तेव्हा.

कारखाना नदीच्या मुखाशी होता. स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडापासून दारू करायचा. प्यायची नव्हे, मोटारींत घालायची. लाकडाचे कपटे गंधकाच्या वायूत मुरवायचे आणि वाफेच्या दाबाखाली फुटेपर्यंत शिजवायचे, हे पिर्कोचं काम. त्यातून तपकिरी रस निघे. रसात साखर असे, पण साखरेबरोबर विषही असे, कारण लाकूड कोणी यावं आणि खावं म्हणून वाढलेलं नसतं. त्या विषातलं सगळ्यात वाईट म्हणजे फरफुराल. जळका पाव आणि कडू बदाम यांच्या मधला त्याचा वास. तो काढायला होल्गर होता. तो रसात चुना घाली, रस कोमट ठेवी, गाळ खाली बसला की वरचा रस कोळशातून गाळी, आणि थोडं आम्ल घालून पुन्हा यीस्टच्या तोंडी लागेल असा करी. पुढे यीस्ट ती साखर खाऊन दारू करी. यीस्ट सांभाळायची गुनवोर. पिर्को शिजवते, होल्गर निवडतो, गुनवोर खाऊ घालते, असं कारखान्यात म्हणत.

गुनवोर होल्गरची बायको. नोव्हेंबरात ती गेली. पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेली त्याला सहा आठवडे झाले होते.

बावीस वर्षांत तिने एक यीस्ट असं घडवलं होतं की जे लाकडाच्या रसात जगे. बेकरीतलं यीस्ट त्या रसात टाकलं तर अर्ध्या तासात मरायचं. तिचं मरत नसे. त्याच्या बारा नळ्या तिने प्रयोगशाळेच्या शीतपेटीत ठेवल्या होत्या. डिसेंबरात होल्गरने प्रयोगशाळेच्या खिडकीत कागदी तारा लावला. नाताळाच्या आधी चार आठवडे प्रत्येक खिडकीत तारा किंवा दिवे लागतातच, आणि त्या खिडकीत तो दरवर्षी गुनवोर लावायची. ती अंधारी राहिलेली त्याला बघवेना. ताऱ्याच्या वायरीला जवळची जागा हवी म्हणून त्याने एक प्लग काढला. तो शीतपेटीचा होता. तारा जानेवारीच्या मध्यापर्यंत छान पेटला. बाराच्या बारा नळ्या मेल्या. तारा कोणी लावला हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी एक अक्षर बोललं नाही.

आता गुनवोरचं यीस्ट फक्त तीन नंबरच्या टाकीत जिवंत होतं, तीन हजार लिटर. होल्गरने त्यातलं बरणीभर घरी नेलं, फ्रिजमध्ये ठेवलं, साखरेचा पाक घालून वाढवलं. तीन आठवड्यांनी त्यातलं पेलाभर परत आणून त्यावर चमचाभर रस टाकला. तासाभरात सगळं मेलं.

"लाडावलं," पिर्को म्हणाली. ती फिनलंडहून आलेली, साठीची, बोलायला कोणाला घाबरायची नाही. "पाक पिऊन पिऊन स्टॉकहोमचं झालं."

म्हणजे हे यीस्ट लाकडाच्या रसावरच टिकणारं. बरणीत घालून उशाशी ठेवायची सोय नाही.

स्टॉकहोमहून खरोखर आलेली होती ती टूवा लिंडहागेन. वय चौतीस, जानेवारीपासून कारखान्याची व्यवस्थापक. बाई वाईट नव्हती. रोज सकाळी सगळ्यांना हात करायची, होल्गरला तर दोनदा. पण तिने एका सल्लागाराकडून अहवाल मागवला होता आणि अहवालात लिहिलं होतं की हे यीस्ट इतकं कणखर आहे की रस साफ करायची गरजच नाही. चुना नको, कोळसा नको, सरळ ओता. बुधवारी ओतायचं ठरलं. त्या मंगळवारी होल्गरने फॉर्म भरला.

टूवा झडपेपाशी आली. तिने फॉर्म दोनदा वाचला.

"होल्गर, हे यीस्ट आहे."

"तेच लिहिलंय."

"यीस्ट कामगार नाही."

"काम कोण करतं मग? तू करतेस?" होल्गरने वरच्या ओठाखालची तंबाखूची पुडी जिभेने सरकवली. "मी चुना घालतो. पिर्को बटणं दाबते. दारू आमच्यापैकी कोणी करत नाही."

"पण अहवालात..."

"अहवाल लिहिणारा रसात उतरला होता का?"

टूवाने कंपनीच्या वकिलाला फोन लावला. वकिलाने तिच्याकडून फॉर्म पुन्हा वाचून घेतला. मग त्याने विचारलं, "सही आहे का?"

"आहे."

"तारीख?"

"आहे."

"मग हात लावू नकोस," वकील म्हणाला. "निरीक्षकांना बोलाव."

बुधवारी रस ओतायच्या ऐवजी बैठक झाली. टूवा, होल्गर, पिर्को आणि युनियनचा अध्यक्ष एवर्त. एवर्त कार्यपद्धतीचा माणूस. बाधित कामगारांना बैठकीला बोलावलंच पाहिजे असं त्याचं म्हणणं पडलं. म्हणून पिर्कोने तीन नंबरच्या टाकीतून काचेचा चंबू भरून आणला आणि टेबलाच्या टोकाला, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. चंबूत पिवळट गढूळ पाणी आणि वर थोडा फेस.

"ते युनियनचे सदस्य आहेत का, हा पहिला प्रश्न," एवर्त म्हणाला.

"बावीस वर्षांत कोणी विचारलंच नाही त्यांना," पिर्को म्हणाली.

"ही युनियनची चूक," एवर्तने गंभीरपणे मान्य केलं आणि टिपून घेतलं.

कॉफी आली, दालचिनीचे बन आले. टूवाने बन उचलला, अर्धा खाल्ला, आणि मग तिचं लक्ष चंबूकडे गेलं. तिने उरलेला अर्धा हळूच बशीत ठेवला.

"खा गं," पिर्को म्हणाली. "बनातले त्यांचे लांबचे नातलग आहेत. त्यांना काही वाटत नाही."

कोणीच बन खाल्ले नाहीत. एवर्तने ताटली उचलून बाहेर पॅसेजमध्ये नेऊन ठेवली आणि दार लावून घेतलं.

टूवा होल्गरकडे वळली. तिचा आवाज मऊ झाला. "हे गुनवोरसाठी चाललंय का?"

"हे यीस्टसाठी चाललंय," होल्गर म्हणाला.

"तू तिच्यानंतर एक दिवससुद्धा घरी बसला नाहीस."

"घरी काय आहे?"

एवर्तने हेही टिपावं की नाही असं नजरेनेच विचारलं. पिर्कोने नको म्हणून मान हलवली.

गुरुवारी उमेओ शहरातून निरीक्षक आली. इंगेगेर्द तिचं नाव, डोक्याला लोकरी टोपी, हातात मोजमापाची पेटी. दाराशी बूट काढून ती जाड पायमोज्यांवरच कारखान्यात शिरू लागली, तेव्हा होल्गरने तिला थांबवलं आणि पोलादी टोकाचे बूट घालायला लावले. तिने वहीत काहीतरी लिहिलं. होल्गरला वाटलं, आपल्या बाजूचं असणार.

ती तीन नंबरच्या टाकीच्या काचेतून बराच वेळ आत बघत राहिली.

"गर्दी आहे," ती म्हणाली.

"तीन कोटी कोटी," होल्गर म्हणाला.

"हवा?"

"हवेशिवायच काम करायचं असतं त्यांना. हवा दिली तर नुसती मुलं काढतात."

तिने लिहिलं. "विश्रांती?"

"साखर संपली की."

"मोबदला?"

"साखर."

"निवृत्तीनंतर?"

होल्गर घुटमळला. "गुरांच्या चाऱ्यात जातात."

तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "काम नेमकं काय करतात?"

"साखर खातात, दारू करतात."

"आणि त्या दारूचं काय होतं?"

"काही नाही. तीही त्यातच असते. तेही त्यातच असतात."

"म्हणजे कामाच्या वेळेत हे सगळे दारूत?"

"संध्याकाळपर्यंत चार टक्के."

इंगेगेर्दने पेन खाली ठेवलं. प्यायलेल्या कामगाराला यंत्राजवळ थांबू देऊ नये, हा नियम त्यानेच जेवणघराच्या भिंतीवर लावला होता. आता ही बाई तीन कोटी कोटी जणांना घरी पाठवते की काय?

"पीत नाहीत," तो घाईने म्हणाला. "करतात नुसती. बेकरीतल्या माणसाच्या अंगावर पीठ असतं, तसं."

ती विचारात पडली. "ते वेगळ्या फॉर्मवर घेऊ," अखेर ती म्हणाली. "कंपनीने मद्यपानाविषयीचं धोरण जूनमधल्या मिडसमरच्या सणाच्या आत तयार करावं. आता मला तो रस दाखव."

होल्गरने कच्च्या रसाच्या टाकीचं झाकण उचललं. जळक्या बदामांची वाफ वर आली. इंगेगेर्दने टोपी नाकावर धरली, पेटीतलं यंत्र बाहेर काढलं, आकडा बघितला, यंत्राला दोन टपल्या मारल्या, पुन्हा आकडा बघितला.

"यात माणूस काम करू शकणार नाही," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

"माणसाला चालत नाही ते इतरांनाही चालणार नाही." तिने तिथेच उभ्याउभ्या निकाल लिहिला. यंत्राला फरफुरालचा मागमूसही लागणार नाही इतका रस साफ करावा. तोपर्यंत कामगारांना त्यात उतरवू नये. साफ केल्यावर प्रतिनिधीने स्वतः खात्री करावी.

टूवाने निकाल वाचला. "ठीक आहे," ती म्हणाली. थकली होती बिचारी. सल्लागाराचा अहवाल तिने दुमडून खिशात घातला.

जाता जाता इंगेगेर्द होल्गरपाशी थांबली. "तुझी बायको होती ना इथे?"

"हो."

"कामावर परत कधी आलास?"

"पुरल्यानंतरच्या सोमवारी."

"किती टक्के?"

त्या देशात आजारपणही टक्क्यांत असतं. माणूस पूर्ण आजारी असतो, पाऊण असतो, अर्धा किंवा पाव असतो, आणि बरा होताना पावापावाने कामावर परततो.

"शंभर," होल्गर म्हणाला.

"हं," इंगेगेर्द म्हणाली. या वेळी तिने काही लिहिलं नाही.

त्या दिवशी होल्गर कितीतरी महिन्यांनी शीळ वाजवत होता. सरकारनेच लिहून दिलं होतं की साफ कर. त्याने नेहमीच्या दुप्पट चुना घातला. रस कोमट ठेवायचा तो त्याने चांगला गरम केला. तासभर ठेवायचा तो अख्खी पाळी ठेवला. गाळाचा पांढरा ढीग साचला. मग वरचा रस त्याने कोळशातून एकदा गाळला, दुसऱ्यांदा गाळला, आणि समाधान होईना म्हणून तिसऱ्यांदा. तपकिरी रस आधी चहासारखा झाला, मग फिक्या चहासारखा, मग पाण्यासारखा. यंत्र लावलं. आकडा शून्य. चव घेऊन बघायचा मोह झाला, पण टाकीतलं काही तोंडात घालू नये अशी पाटी त्यानेच लावलेली होती.

"आंघोळ घालता येईल यात बाळाला," तो पिर्कोला म्हणाला.

पिर्कोने टाकीत डोकावून बघितलं आणि काहीच बोलली नाही. ती गप्प राहिली याचं त्याला नवल वाटलं, पण आनंदात माणूस असल्या गोष्टींचा विचार करत नाही.

शुक्रवारी सकाळी त्याने स्वतःच्या हाताने फॉर्म सोडला आणि झडप उघडली. तीन नंबरच्या टाकीतलं सगळं यीस्ट चार नंबरच्या टाकीत, त्या स्वच्छ रसात गेलं. चार नंबरच्या टाकीवरून एक नळी निघते आणि पाण्याच्या काचेच्या बाटलीत बुडते. यीस्ट काम करायला लागलं की वायू निघतो आणि बाटलीत बुडबुडे येतात. होल्गर बाटलीसमोर स्टूल टाकून बसला.

दुपारपर्यंत बुडबुडा नाही. तो पाळी संपेपर्यंत बसला. बुडबुडा नाही.

शनिवारी सुट्टी असून तो आला. बाटलीतलं पाणी निवांत होतं. रविवारी आला. पाण्यावर धूळ बसली होती.

सोमवारी टूवा आली. "काय झालं?"

"बसलेत."

"बसलेत म्हणजे?"

"काम करत नाहीत."

एवर्तला बोलावलं. त्याने बाटलीकडे बघितलं, मग टाकीकडे बघितलं. "संपाची रीतसर सूचना आलेली नाही," तो म्हणाला. "युनियनने संप पुकारलेला नाही. हे बेकायदेशीर आहे. मी त्यांच्या पाठीशी उभा राहू शकत नाही."

"सदस्य करून घेतलंस का त्यांना?" पिर्कोने विचारलं.

"अर्ज छापायला दिलेत."

टूवाने उमेओला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. इंगेगेर्दने सगळं ऐकून घेतलं.

"संप नाही म्हणता. मग आजारी आहेत," ती म्हणाली. "किती टक्के काम करत होते?"

"शंभर," टूवा म्हणाली.

"आता किती करतात?"

"शून्य."

"म्हणजे पूर्ण आजारी. अशांना एकदम कामाला जुंपू नका. पावापासून सुरुवात करा. पण जागा तीच हवी, काम तेच हवं, सवयीचं. घरी बसवून कोणी बरं होत नाही. ऐकतोयस ना होल्गर?"

"ऐकतोय."

फोन ठेवल्यावर टूवा होल्गरकडे बघून म्हणाली, "पाव म्हणजे काय करायचं?"

होल्गरला माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की टाकीत गुनवोरचं शेवटचं उरलेलं होतं आणि ते तीन दिवस हललं नव्हतं. नळ्या त्याने ताऱ्यापायी मारल्या. आता टाकी मारली, आणि तीही जपता जपता. तो स्टुलावर बसला आणि उठेना.

पिर्कोने मग पाटीकडे पाठ केली, टाकीच्या तोटीतून बोटावर थेंबभर रस घेतला आणि चाटला.

"पिर्को!" होल्गर म्हणाला.

"पाणी आहे," पिर्को म्हणाली. "होल्गर, यात साखर नाही. कणभर नाही. इतका चुना, इतकी आच, इतका वेळ. विषाबरोबर साखरही जाळलीस तू. आजारी नाहीत ते. उपाशी आहेत."

टूवाने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"गुरुवारीच सांगायचंस मग," होल्गर म्हणाला.

"तू शीळ वाजवत होतास. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. माझी जीभ उचलेना." पिर्कोने एप्रनला बोट पुसलं. "आणि आता बोलतेच आहे तर सगळंच बोलते. तू साफ केलेलं ते नुसतं कधी खात नव्हते."

"म्हणजे?"

"ती कच्चा रस मिसळायची. थोडाथोडा. माझ्या टाकीतून."

होल्गर हसला. "गुनवोर? मी साफ केलेल्यात?"

"रोज. सव्वाबारा ते पाऊण. तू जेवायला गेलास की. ती गेल्यापासून मी, अधूनमधून."

"शक्य नाही."

"टाकीच्या मागे जा आणि बघ."

होल्गर टाकीच्या मागे गेला. तिथे एक जुनी नळी होती, कच्च्या रसाच्या टाकीतून थेट इकडे येणारी. ती बंद आहे असं तो बावीस वर्षं धरून चालला होता. आजूबाजूच्या सगळ्या झडपांवर धूळ आणि गंज होता. या एका झडपेचं चाक मात्र घासून घासून चकचकीत झालं होतं, एका बाजूला जास्त. गुनवोर डावखुरी होती.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. नोव्हेंबरापासून त्या चेहऱ्याला रंग असा नव्हताच.

"बावीस वर्षं!" तो ओरडला. टूवा दचकून मागे सरली. "बावीस वर्षं मी इथे उभा राहून निवडतोय! घरी विचारायची, आज कसा झाला रस? मी सांगायचो, आरशासारखा झाला. तर म्हणायची, शाबास! शाबास म्हणायची मला!"

"मनापासून म्हणायची," पिर्को म्हणाली. "तुझा साफ रस नसता तर कच्च्याने मेलेच असते सगळे. आणि कच्चा नसता तर लाडावले असते. ती म्हणायची, होल्गरला सांगू नकोस, त्याचं मन मोडेल."

"आणि आता मोडलं नाही का?"

"आता ती ऐकायला नाही," पिर्को म्हणाली. "मोडू दे."

होल्गर तरातरा पुन्हा टाकीच्या मागे गेला. बाकीचे त्याच्या मागोमाग गेले. त्याने उजवा हात झडपेवर ठेवला, मग काढला आणि डावा ठेवला.

"निकालात लिहिलंय की फरफुरालचा मागमूसही..." टूवा म्हणाली.

"पाव," होल्गर म्हणाला. "तूच ऐकलंस. काम तेच, सवयीचं, आणि पावापासून."

टूवाने जरा विचार केला. मग ती म्हणाली, "मी इथे नव्हते." पण ती तिथून हलली नाही.

होल्गरने चाक फिरवलं. पाव वळसा, तोही पुरता नाही. नळीत गुरगुर झाली. जळक्या बदामांचा वास आला. लगेच बंद करावं असं त्याच्या हाताला फार वाटलं. तो हात तसाच ठेवून उभा राहिला आणि मोजत बसला, कारण किती वेळ उघडायचं हे त्याला ठाऊक नव्हतं आणि विचारायला कोणी नव्हतं.

"बस," पिर्को म्हणाली. "ती एवढंच उघडायची. मग जरा थांबायची. मग पुन्हा."

त्याने बंद केलं. थांबला. पुन्हा उघडलं. एवर्त घड्याळात बघून जेवायला गेला. पिर्को बाटलीसमोर जाऊन बसली. टूवा दोघांच्या मध्ये उभी होती, म्हणजे तिला दोन्हीकडचं दिसावं.

चौथ्यांदा उघडून बंद केल्यावर पिर्कोने हाक मारली, "होल्गर!"

"काय?"

"आला."

"किती?" टूवाने विचारलं.

"एक."

"एक टक्का?"

"एक बुडबुडा," पिर्को म्हणाली. मग जरा वेळाने, "दोन." मग ती मोजायची थांबली.

होल्गर बाटली बघायला आला नाही. तो टाकीच्या मागेच उभा राहिला, डावा हात चाकावर ठेवून. त्याला अजून बरंच बोलायचं होतं. शाबास म्हणायची म्हणे. माझ्या पाठीमागे. माझ्या जेवणाच्या सुट्टीत. आणि मी डबा उघडून बसायचो, तर त्यात तिने मासे आणि बटाटे घातलेले असायचे, का तर मला उठून यायला उशीर व्हावा. काटे काढत बसावं मी, आणि इकडे ही. तो हे सगळं मोठ्याने बोलत होता, शब्द न शब्द ऐकू जाईल असं. मधे थांबत होता, चाक जरासं फिरवत होता, परत बंद करत होता आणि पुढे बोलत होता.

टूवाने पिर्कोकडे बघितलं. त्याला थांबवावं का, असं तिला विचारायचं असावं.

"राहू दे," पिर्को म्हणाली. "बावीस वर्षांचं आहे. वेळ लागेल."